ओळीचं शेपूट

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. मंगळवार होता, दुपारचे तीन-साडेतीन. मधे पातेलं, त्यात कोमट पाण्यात मोडाचे वाल, आणि दोन थाळ्या, एक तिची, एक माझी. वाल अंगठ्यानं दाबला की साल हातात राहते आणि डाळिंबी पुढं उडते. तिची उडून बरोबर थाळीत पडायची. माझी ओट्याखाली जायची. तिचे तीन होईपर्यंत माझा एक.

"सोलताव का मोजताव?" ती म्हणाली.

"तुज्यासारकी घाई नाय मना."

"मंग जेवाला पन उंद्याच या."

बस, एवढंच. याच्यात शेवटचं असं काही नव्हतं. तिनं डबा भरून फ्रिजमध्ये ठेवला, सालं बादलीत टाकली, बोटांचा कडवट वास जाईना म्हणून लिंबाच्या सालीनं हात चोळले. बुधवारी सकाळी न्हाणीतून आली, भिंतीला टेकली, खाली बसली. रिक्षा दाराशी येईपर्यंत सगळं झालेलं. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, हृदय थकलेलं होतं, बरेच महिने थकलेलं असणार, घरात कोणाच्या लक्षात नाही आलं? मी म्हटलं, नाही.

खोटं बोललो नाही. पण तो प्रश्न काही दवाखान्यात राहिला नाही. माझ्याबरोबर रिक्षात बसून घरी आला.

आता परत हळदींचा हंगाम आलाय. तुळशीचं लग्न लागलं की आमच्या कोपर गावठाणात एक दिवसाआड मांडव पडतो. लग्नाला नसते एवढी गर्दी हळदीला असते. जनरेटरचा धूर, तव्यावरचे बोंबील, ओल्या हळदीचा वास, आणि तो डीजे. माझे कान अर्धे गेलेत, तरी डीजे लागला की छाती ऐकते. जिन्याचे पत्रे ऐकतात. कपातला चहा थरथरतो.

परवा समोरच्या इमारतीत हळद होती. मोकळ्या जागेत मोठा पडदा लावलेला, त्याच्यावर गाणी चाललेली. मी संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेलेलो. वर गेलो तर पडद्यावर माझी बायको.

माझ्याहून मोठं तोंड. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, नाकात नथ. नथ तिची नाही, शूटिंगची. तिनं तोंड उघडलं आणि त्याच्यातून दुसऱ्याच बाईचा आवाज निघाला असणार, तसा तो प्रत्येक वेळी निघतो. दोन सेकंद. मग ढोल, मग नाचणाऱ्या पोरी. खाली एक बाई पडद्याकडं हात करून बोलली. ऐकू नाही आलं, ओठांवरून कळलं, "ती बग चांगुणाबाय." तिच्या शेजारणीनं वर मला बघितलं आणि तिचा हात खाली ओढला.

मी कपडे काढले. अर्धे ओलेच होते.

चांगुणा धवळारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्नाला भटजीच्या आधी धवळारीण लागायची. हळद कांडायची तिथपासून नवरीला वाटेला लावेपर्यंत प्रत्येक कामाचा धवळा असतो. ढोल नाही, ताशा नाही, पेटी नाही, नुसता गळा. त्याच्यात देवांना बोलवायचं, मांडवाच्या खांबाला बोलवायचं, उखळाला बोलवायचं, घरातल्या मेलेल्या माणसांना नावानं बोलवायचं. कसली घाई नाही. एकेक ओळ लांबच लांब, श्वास संपेस्तोवर. आणि श्वास संपला तरी ओळ पडू द्यायची नाही. त्यासाठी धवळारणीच्या मागं दोघी बाया बसतात. हिचा दम तुटतो तिथं त्या ओळीचं शेपूट उचलतात, तोवर ही दम भरून घेते. पुढचीनं सोडायचं, मागच्यांनी उचलायचं. जोड कुठं आहे ते ऐकणाऱ्याला कळत नाही.

मी ऐकलं ते मांडवाच्या बाहेरून. खुर्च्या मांडताना, पिंपात पाणी भरताना. पुरुषाचं तिथं काम नाही. आधी माझी आई पुढं आणि चांगुणा मागं, अशी बरीच वर्षं गेली. आई वारली तेव्हा ही पुढं सरकली. हिच्या मागं जनी आणि बारकीबाय. जनी वारली. बारकीबाय मुलाकडं ठाकुर्लीला असते, आता माणसं ओळखत नाही. पण त्याच्या आधीच डीजे आलेला. एका हळदीत ह्या तिघी धवळ्याला बसल्या आणि डीजेवाल्यानं त्याच टायमाला साउंड चेक केला. चांगुणा उठून घरी आली. पीठ मळलं, भाकऱ्या केल्या. मी विचारलं, कं झाला? तर म्हणाली, मीठ संपलाय. त्यानंतर कोणी बोलवायला आलं तरी ती गेली नाही. पुढं पुढं कोणी येईनासंच झालं.

प्राची आमच्या खालच्या मजल्यावरची. कॉलेज डोंबिवलीत केलं, नोकरी केली नाही, कॅमेरा घेतला. मोबाईलवर हळदीची गाणी बघतात ना लोक, ती काढते. एक दिवस वर आली.

"आजी, गाण्याच्या सुरुवातीला खरीखुरी धवळारीण पाहिजे. फक्त तोंड हलवायचं."

"न् आवाज?"

"आवाज स्टुडिओत झाला. ठाण्याची एक गायिका आहे."

"मंग तिलाच बसव ना."

"ती तीस वर्षांची आहे, आजी."

"मंग तिचा गला मना लाव. मी पन तिशीची व्हतंय."

अशी गेली. पहिल्या दिवशी तिला आवाज न काढता तोंड उघडायला जमेना. एवढा मोठा स्पीकर वाजतोय आणि ही आपली शिरा ताणून खरंच गातेय. प्राची म्हणाली, "आजी, आवाज नको, गळा दुखेल." तर ही म्हणाली, "तोंड उगडाचा न् आवाज नाय काराचा? मी कं बोंबील हाय?" कॅमेरावाला हसता हसता खाली बसला. पण शिकली. अकरा गाणी केली. दरवेळी साडी नेसवायचे, जेवायला घालायचे, आणि चार माणसं आजी आजी करायची. तिला ते आवडायचं. माझ्याजवळ कधी कबूल केलं नाही.

मी सोबत जायचो. तिथं माझं काम काही नव्हतं, पण लागलं. मी तीस वर्षं ठाण्याच्या कापडगिरणीत साचेखात्यात काढली. शेकड्यांनी माग एकदम चालायचे. कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. तिथं सगळं बोलणं ओठांवरून चालायचं, शिवीसुद्धा. कान तिथंच गेले, ओठ वाचायचे तेवढे आले. प्राचीला हे कळल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कॅमेऱ्याशेजारी बसा. आजीचं तोंड गाण्याशी जुळतंय का ते बघा. चुकलं तर हात वर करा." त्या गाण्यांचे शब्द ती मला आधी कागदावर लिहून द्यायची. अकरा गाण्यांत चांगुणा तीनदा चुकली असेल. घरी आल्यावर मला म्हणायची, "सगल्यांसमोर हात वर कराला लाज नाय वाटली?"

तसं बघितलं तर शेवटची दहा वर्षं मी तिला ऐकत नव्हतोच, बघत होतो. ती पाठमोरी बोलली की मला कळायचं नाही. मग हातातलं काम टाकून ती तोंड माझ्याकडं करायची आणि परत बोलायची, जरा चिडून. आता माझ्याकडं तोंड करून कोणी बोलत नाही. सगळे मोबाईलकडं तोंड करून बोलतात. मी हो हो म्हणतो.

प्राचीचा एक पाय गाण्यात आणि एक सिनेमात. गाण्यांवर पोट भरायचं, आणि मधे दिवस उरले की तोच कॅमेरा, तीच माणसं घेऊन स्वतःचा सिनेमा काढायचा. त्याच्यात हिरो नाही. थेटरात लागेल असाही नाही. मी विचारलं, मग बघणार कोण? म्हणाली, "बघतात बाबा, लांब लांब बघतात." मला वाटायचं ही दोन वेगळी कामं, एक धंद्याचं, एक हौसेचं. खुर्चीवर बसून बसून बघितलं तर तसं नव्हतं. गाण्यात ती चोरून सिनेमा घालायची. एका गाण्यात चांगुणा उखळात हळद कांडते. ते तिनं लांबच लांब घेतलं. हात, बांगड्या, मुसळ, पिवळी धूळ, आणि कोणी नाचत नाही. ज्याचं गाणं होतं तो भडकला, म्हणाला, एवढ्या वेळात माणूस दुसरं गाणं लावील. कापायला लावलं त्यानं. कापून थोडं राहिलं. आणि लोकांनी खाली लिहिलं ते सगळं त्या थोड्याबद्दलच. कोणाची आजी आहे ही, माझ्या आजीची आठवण आली, असलं. प्राची वर येऊन चांगुणाला वाचून दाखवायची. चांगुणा म्हणायची, "परत वाच."

आणि सिनेमात ती गाणं घालायची. मांडववाल्याचे दिवे, पाइपाला बांधून वर चढवलेला कॅमेरा, उजेड परतवायला पांढरी चादर, सगळं गाण्यातून शिकलेलं. म्हातारीच्या तोंडावर कॅमेरा ठेवला की नाचणारी पोरंही थांबून बघतात, हेही तिला गाण्यातच कळलं. पण गाणं तिला दोन सेकंद द्यायचं. सिनेमात तिनं त्या दोन सेकंदांची चार मिनिटं केली. मला विचाराल तर फरक एवढाच होता, की गाण्याच्या शूटिंगला सगळे ओरडत असतात आणि त्यातलं काही रेकॉर्ड होत नाही. सिनेमाच्या शूटिंगला सगळे गप्प आणि सगळं रेकॉर्ड होतं.

तो सिनेमा आमच्या स्वयंपाकघरात झाला. पौषातला रविवार. आमच्या खिडकीत ऊन येतं दोन ते चार. चारनंतर समोरच्या टॉवरमागं जातं. त्या टॉवरखाली आमची शेती होती, वाल पेरायचो तिथं, भात कापल्यावर. प्राचीनं आदल्या दिवशी गोष्ट सांगितली. म्हातारा-म्हातारी वाल सोलत बसलेत. सोलता सोलता म्हातारी जुन्या एका लग्नाचा धवळा म्हणते. म्हातारा ऐकतो. मी म्हटलं, मग? म्हणाली, बस, एवढंच. मी म्हटलं, एवढ्याला सिनेमा म्हणतात? चांगुणा मधेच म्हणाली, "तुमी ऐकताव, हाच मोठा सिनेमा हाय."

दोन किलो वाल भिजवलेले. दरवेळी सोललेल्याचा ढीग तेवढाच दिसला पाहिजे, म्हणून प्राची सोललेले उचलून न्यायची आणि न सोललेले परत आणून ओतायची. "जलमभर ह्याच केला," चांगुणा म्हणाली, "हितं पन त्याच." आवाजवाला दारोदार जाऊन सांगत होता, दहा मिनिटं मिक्सर नका लावू, कुकर नका लावू. शेजारच्या कदमवहिनी दारात येऊन म्हणाल्या, "शूटिंग आहे की मयत? एवढं गप्प बसायचं?" आम्ही हसलो. बुधवारी आमच्याकडं मयत झाली तेव्हा त्यांचा मिक्सर चालू होता. त्यांची चूक नाही. त्यांना माहीत नव्हतं.

धवळ्याची वेळ आली तेव्हा चांगुणा अडून बसली.

"मांडव नाय, नवरी नाय. धवला कोनाला म्हनू?"

"मला म्हणा आजी, माझं तरी लग्न होईल."

"मागं बाया नायत. मागं बाय नाय बसली त धवला पडतो."

"तुम्ही म्हणा हो. बाकीचं आपण एडिटमध्ये बघू."

हे एडिट म्हणजे काय ते तेव्हा आम्हाला पक्कं ठाऊक नव्हतं. गाण्यांत बघितलेलं, की काही बिघडलं की हेच म्हणतात आणि नंतर खरंच सगळं ठीक होऊन येतं. चांगुणानं पदर डोक्यावर घेतला. मला प्राचीनं सांगितलं, "बाबा, तुम्ही आजीकडं बघायचं नाही. वालाकडं बघायचं." मी चार मिनिटं वालाकडं बघितलं. ऐकू येत नाही म्हणून ऐकलं नाही, आणि सांगितलं म्हणून बघितलं नाही.

कट म्हटल्यावर आवाजवाल्यानं कानावरचं काढलं. "मॅडम, आजींचा आवाजच नाही आला. नुसते वाल वाजतायत."

मग प्राचीनं कपाळाला हात लावला. "अहो आजी! हे गाणं नाही! इथं खरा आवाज काढायचा!" सगळे हसायला लागले. मीही हसलो. नुसता हसलो नाही, मोठ्यानं म्हणालो, "सवय लागलीय हिला गान्याची. फुकट तोंड हलवतं."

तीही हसली. पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडं तोंड केलं आणि म्हणाली, "तुमी म्हना मंग."

ऊन टॉवरमागं गेलेलं. पुढच्या रविवारी परत घेऊ, असं ठरलं. उरलेले वाल प्राचीनं आमच्याकडंच ठेवले. मंगळवारी आम्ही सोलले ते हेच. त्या डाळिंब्या फ्रिजमध्ये तशाच राहिल्या. तेराव्यानंतर माझ्या मुलीनं, सुमननं, डबा उघडला आणि वास आला म्हणून फेकून दिल्या. बरोबरच केलं तिनं.

वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही. माणूस उठतो, चहा करतो, एकाच कपाचा चहा नीट होत नाही म्हणून दोन कप करतो आणि दोन्ही पितो. पित्त होतं.

या हंगामात प्राची परत वर आली. वर्षभर तिनंही तो सिनेमा हातात घेतला नव्हता. आता कुठून तरी मागणी आलेली, लांबून. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि जमिनीकडं बघून बोलायला लागली. मी म्हटलं, इकडं तोंड कर.

"बाबा, त्या चार मिनिटांना आवाज नाही. बघणाऱ्याला वाटतं मशीन बिघडलंय. ती ठाण्याची गायिका आहे ना, आपल्या गाण्यांची, ती म्हणते मी गाते. आजीच्या तोंडाला तिचा आवाज सवयीचा आहे. पण धवळ्याचे शब्द कोणाला येत नाहीत. तुम्हाला येत असतील."

"नाय."

"येत नाहीत?"

"देनार नाय. गान्यात घातला तो गाना होता. धवला तिचा हाय. त्याच्यात दुसरीचा आवाज नाय घालाचा."

"मग मला ती चार मिनिटं काढून टाकावी लागतील. आजी बोलते अशी तेवढीच आहेत, बाबा."

"काढ."

ती रडत खाली गेली. मला वाईट वाटलं नाही. दुपारी जेवताना वाटलं.

सुमनला फोन केला. ती विठ्ठलवाडीला असते. फोनवर मला निम्मं कळत नाही, म्हणून ती ओरडून बोलते, तिच्या चाळीत सगळ्यांना आमचं ऐकू जातं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल.

"बाबा, तो धवळा आईचा कुठं होता? आजीनं, तुमच्या आईनं, दिला म्हणून आईनं घेतला. मी घेतला नाही. मला लाज वाटायची तेव्हा. आता तुम्ही पण धरून बसा, म्हणजे संपला एकदाचा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि आईला जिवंतपणी एकदा तरी म्हणालात का, की तुझा धवळा चांगला होतो?"

मी फोन ठेवला. मग चटईवर पडून धवळा आठवायला लागलो. म्हटलं, द्यायचा की नाही ते नंतर, आधी आहे की नाही ते तरी बघू. दोन ओळी आल्या. तिसरी अर्धी. पुढं मांडवाबाहेरचा आवाज नुसता, शब्द नाही. चाळीस वर्षं ऐकलेलं, आणि आत एवढंच. आता तो जगात एकाच ठिकाणी होता, प्राचीच्या त्या चार मिनिटांत, तिच्या ओठांवर. आणि तो मी काढून टाक म्हणून सांगून बसलेलो.

खाली गेलो. दार वाजवलं. म्हटलं, "काढलंस?"

"नाही."

"दाखव."

लॅपटॉप तिनं वर आणून आमच्याच ओट्यावर ठेवला. खिडकीत ऊन आलेलं. पडद्यावरही तीच खिडकी, तेच ऊन, तेच पातेलं, आणि चांगुणा. बाजूला खाली मान घालून बसलेला माणूस मीच, पण त्याच्याकडं बघायला मला वेळ नव्हता. तिनं तोंड उघडलं. मी ओठ वाचत गेलो आणि मोठ्यानं सांगत गेलो, प्राची लिहीत गेली. पहिली ओळ जुळली. शेवटी एक शब्द राहिला. ओठ मिटले. मला वाटलं माझी नजर चुकली. दुसरी ओळ, परत शेवटचा शब्द नाही. तिसऱ्या ओळीला दोन शब्द नाहीत. आणि माझा हात वर गेला. सवयीनं. चुकलं की वर करायचो तसा.

अकरा गाण्यांत तिनं कधी शब्द सोडला नव्हता. गाण्यात सोडायची गरजच नसते, दम लागतो तो दुसरीला. फुकट तोंड हलवणाऱ्याचा श्वास तुटत नाही. मग मला तिचा खांदा दिसला. प्रत्येक ओळीच्या शेवटाला डावा खांदा वर उचलायचा, बादली उचलताना उचलतो तसा, आणि मग ओठ मिटायचे.

ती म्हणत होती. सगळं म्हणत होती. आवाज माइकपर्यंत पोचत नव्हता, एवढंच. आणि दम तुटेल तिथं ती शेपूट सोडत होती, जन्मभर सोडलं तसं, मागच्या बायांसाठी. मागं कोणी नव्हतं. आधी बोलून दाखवलेलं तिनं. शेजारी मी होतो, तर मी वालाकडं बघत होतो. नंतर हसलो.

"बंद कर," मी म्हटलं.

"बाबा, शेवट राहिलाय अजून."

"बंद कर."

तिनं झाकण लावलं. मग मी म्हटलं, "उंद्या सकाली ये. आवाजवाल्याला घेऊन ये. न् मोडाचे वाल आन."

"गायिकेला सांगू?"

"नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते आले. आवाजवाला दारोदार जाऊन मिक्सर बंद करा सांगून आला. कदमवहिनी स्वतःच येऊन उंबऱ्याशी बसल्या. मी माझ्या जागी बसलो, मग जरा मागं सरकलो. पुढं पातेलं, थाळी, त्याच्या पुढं पडदा. माझ्या डोक्यावर त्यानं माइक धरला.

चांगुणानं पदर डोक्यावर घेतला. पहिली ओळ ओठांवर आली, शेवटाला तुटली, आणि तिथला शब्द मी म्हटला. म्हटला कसला, खरवडून काढला. तिनं सोडलेले शब्द मला येत होते. तिच्या ओठांवर पुढचं दिसलं की मागचं आपोआप येत होतं. दुसरी ओळ, उशिरा उचलली. तिसरीपासून कळलं की आधीच दम भरून तयार राहावं लागतं. खांदा उचलला की ती आता सोडणार. जनी आणि बारकीबाय एवढी वर्षं हेच बघत बसत असतील, तिचा खांदा. पुरुषानं धवळ्याला तोंड लावलं हे गावात कळलं तर हसतील. हसू देत. हात वाल सोलत होते. सगळे थाळीत पडत होते.

काल बंद केलेलं तिथून पुढं मी बघितलं नव्हतं. धवळ्याच्या शेवटच्या ओळीत बोलावलेल्या सगळ्यांना परत पाठवायचं असतं. देवांना, खांबाला, उखळाला, मेलेल्या माणसांना. आलात, जेवलात, आता आपापल्या घरी जा, असं. ती ओळ आली. खांदा उचलला. मी दम भरला, तोंड उघडलं.

तिनं शब्द सोडला नाही. थांबली, पदर सावरला, आणि पुरा म्हटला, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग ओठ मिटले. मग एक वाल थाळीत टाकला.

मी भरलेला दम तसाच धरून बसलो. आवाजवाल्यानं हातानं खूण केली, झालं म्हणून. मग सोडला.